जे येत नाहीत, त्यांची यादी करा

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या वाचनालयात मी २९ वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यापासून या सदरात वाचनालय चालवणाऱ्यांच्या आणि वापरणाऱ्यांच्या पत्रांना उत्तरं देते. या वेळच्या बहुतेक पत्रांत चिंता एकच आहे: वाचनालय आहे, पुस्तकं आहेत, अनुदानही येतं, पण गावाला त्याचा उपयोग होत नाही. म्हणून सहा पत्रं एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

‘मॅडम, मी दोन वर्षांपासून सरकारी अनुदानाच्या “क” वर्गातल्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. गाव साडेचार हजार वस्तीचं. रोज येणारे म्हणजे पेपर वाचणारे आठ-दहा आजोबा आणि परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं. लोकांना काय हवं ते विचारून पुस्तकं घ्या, असं मंडळ म्हणतं. मी मोबाईलवर फॉर्म करून गावाच्या ग्रुपवर टाकला. अकरा जणांनी भरला, त्यातले नऊ आमचेच सभासद. बहुतेकांनी “कादंबऱ्या” लिहिलं. यावरून खरेदी करू का?’
– एक ग्रंथपाल, लातूर जिल्हा

एवढ्यावरून नका करू. त्या अकरा जणांचं काही चुकलेलं नाही. त्यांना कादंबऱ्या हव्यात आणि त्या मिळाल्याच पाहिजेत. पण तुमचा फॉर्म भरायला आधी फोन लागतो, मग त्या ग्रुपात असावं लागतं, मग वाचता आणि टाइप करता यावं लागतं. तो गावात कुणाकुणापर्यंत पोचलाच नाही, हे एका कागदावर लिहून काढा. तुमच्या नियोजनाची सुरुवात त्या कागदापासून होते.

देवघेवीचं रजिस्टर आलेल्यांबद्दल सांगतं. मी पहिली कितीतरी वर्षं त्या रजिस्टरवरूनच खरेदीची यादी करत होते. जे येतात त्यांच्या आवडीची पुस्तकं घ्यायची, मग तेच पुन्हा येतात, मग पुन्हा त्यांच्यासाठीच घ्यायची. वाचनालय चाललंय असं वाटत राहतं आणि ते त्याच साठ-सत्तर घरांभोवती फिरत असतं.

तर आधी एक दिवस बसून गावाचा हिशेब काढा. २०११ च्या जनगणनेचे गावनिहाय आकडे उपलब्ध आहेत: कुटुंबं किती, साक्षर स्त्रिया किती, पुरुष किती, शेतकरी किती, शेतमजूर किती. आकडे जुने झालेत, तरी गावाचा साचा त्यातून दिसतो. शाळेचा पट मुख्याध्यापकांकडून घ्या, सहा वर्षांखालची मुलं अंगणवाडीताईंकडून. मग वहीत दोन रकाने पाडा. डावीकडे गाव, उजवीकडे तुमचे सभासद. शेतमजूर बायका गावात किती, सभासदांत किती. पहिली ते चौथीची मुलं गावात किती, सभासदांत किती. आम्ही हे केलं तेव्हा डावीकडे सगळ्यात मोठा आकडा ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचा होता आणि उजवीकडे त्याच्यासमोर शून्य. तो शून्य बघून मंडळाच्या बैठकीत कुणी काही बोललं नाही.

त्याच जनगणनेत महाराष्ट्रातल्या सात वर्षांवरच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ७६ साक्षर मोजल्या गेल्या. म्हणजे चौघींतली एक अगदी बाहेर. उरलेल्या तिघींतल्याही कितीतरी जणींचं वाचन चौथी-पाचवीनंतर सुटलेलं असतं. हे ध्यानात ठेवून पुढचं पाऊल टाका: वाचनालयाला कुलूप लावून बाहेर पडा. दूध संकलन केंद्रावर पहाटे, उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी, आठवडी बाजारात, एसटीच्या थांब्यावर, पिठाच्या गिरणीत. पंधरवड्यात चाळीस माणसांशी बोलणं होतं. छापील फॉर्म हातात धरू नका. तो दिसला की लोकांना वाटतं रेशनकार्डाचं काही असेल, आणि सावध उत्तरं येतात. बोलून झाल्यावर कोपऱ्यात जाऊन वहीत टिपा.

आणि कृपा करून ‘तुम्हाला कोणती पुस्तकं हवीत?’ असं विचारू नका. ज्यांनी वीस वर्षांत पुस्तक हातात धरलेलं नाही ते तुमचं मन राखायला सांगतील, ‘आणा की थोरामोठ्यांची चरित्रं.’ त्याऐवजी विचारा: मागच्या दोन महिन्यांत कुठला कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला? कशाची माहिती काढायला तालुक्याला खेटे घातले? घरात संध्याकाळी रिकामं कोण असतं आणि काय करतं?

हे मला सुचलं ते गिरणीत. २०१५ सालचा श्रावण होता. दळणाचा डबा रांगेत ठेवून मी फळीवर बसले होते. वीज गेलेली, सगळ्याच जणी खोळंबलेल्या. शेजारच्या बाईंनी ज्वारीच्या डब्यात हात घातला आणि दाण्यांत खुपसून ठेवलेली प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत चार घड्या घातलेला कागद. ‘बाई, एवढं वाचून सांगा की. पोराच्या शाळेतनं आलंय.’ मुलाच्या शिष्यवृत्तीचं पत्र होतं. बँकेचं खातं आधारला जोडलेलं नाही, अमुक तारखेपर्यंत जोडून आणा. तारीख उलटून नऊ दिवस झाले होते. उघडून-मिटून कागद घड्यांवर फाटायला आला होता, पिठाने पांढरा झाला होता. तीन आठवडे त्या तो कागद डब्यात घेऊन येत होत्या, गिरणीत कुणी शिकलेलं भेटेल म्हणून. आमचं वाचनालय तिथून दोनशे पावलांवर. मी रोज सहा तास तिथे बसलेली. तिथे जाऊन विचारावं हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं, आणि का यावं? दारावर मोठ्या अक्षरांत ‘सार्वजनिक वाचनालय’ लिहिलेलं होतं, ते त्यांना वाचता येत नव्हतं.

पाटी लावून उपयोग नव्हताच. म्हणून गिरणीवाल्यांना, आशाताईंना आणि डेअरीवर सांगून ठेवलं: मंगळवारी बाजाराच्या दिवशी अकरा ते दोन वाचनालयात कागद वाचून मिळेल, अर्ज भरून मिळेल, पैसे नाहीत. पहिल्या मंगळवारी दोघी आल्या. पावसाळा संपेपर्यंत बाकावर जागा पुरेना. कुठले कागद येतात ते आम्ही एका वहीत टिपत गेलो: सातबारा, फेरफार, वारसनोंद, पीकविमा, निराधार योजना, शिष्यवृत्ती, दवाखान्याचे रिपोर्ट. त्या वहीवरून पुढच्या वर्षीची खरेदी ठरली. जमिनीच्या नोंदींवरची सोप्या मराठीतली पुस्तकं, मधुमेह आणि बाळंतपणावरची पुस्तकं, सरकारी खात्यांच्या माहितीपुस्तिका. कागद घेऊन येणाऱ्या बाईंबरोबर बहुतेक वेळा एखादं पोर असायचं. आईचं काम होईपर्यंत ते बालविभागात चित्रं बघत बसायचं, आणि निघताना त्याच्या हातात पुस्तक द्यायचं हा नियम मी शेवटपर्यंत पाळला.

आता निवड. सगळं एकदम करायला जाल तर एकही धड होणार नाही. तुम्ही एकटे, अनुदान तोकडं, त्यातला मोठा भाग पगारात जातो. अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालय संघटनेनं १९८७ साली वाचनालयांच्या नियोजनासाठी आठ भूमिका मांडल्या होत्या. वस्तीच्या कार्यक्रमांची जागा, वस्तीचं माहितीकेंद्र, शाळा-कॉलेजच्या शिक्षणाला आधार, स्वतःच्या मनाने शिकणाऱ्याला आधार, लोकांच्या आवडीचं वाचन, शाळेत न जाणाऱ्या बाळांचं शिकण्याचं पहिलं दार, संदर्भसेवा आणि संशोधन. त्यांचं सांगणं होतं की प्रत्येक वाचनालयानं आपली वस्ती बघून यातल्या थोड्याच भूमिका निवडाव्यात आणि पैसा, माणसं, वेळ तिकडे वळवावा. देश वेगळा, पण हे सांगणं मला आपल्या चार खोल्यांच्या वाचनालयालाही लागू वाटतं. आम्ही दोन निवडल्या, माहितीकेंद्र आणि लहान मुलं. संशोधनासाठी येणाऱ्याला आम्ही सरळ औरंगाबादच्या विद्यापीठाचा पत्ता द्यायचो.

मंडळ घाबरेल. वर्ग टिकवायचा तर पुस्तकांची संख्या, सभासद, उघडं ठेवण्याचे तास अशा निकषांत बसावं लागतं, म्हणून स्वस्तातले गठ्ठे घेऊन आकडा भरण्याकडे कल असतो. त्यांच्याशी भांडू नका. या वर्षी खरेदीचा तिसरा हिस्सा माझ्या वहीवरून घेऊ द्या, एवढंच मागा. वर्षअखेर त्या पुस्तकांची देवघेव वेगळी काढून दाखवा.

‘मला वाचनाची खूप आवड आहे. पण आमच्या वाचनालयात बायका दिसतच नाहीत. वेळ सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८. आम्ही पाच जणींनी मंडळाला पत्र दिलं. “महिलांना कोणतीही मनाई नाही,” असं उत्तर आलं.’
– एक वाचक, सातारा जिल्हा

ताई, हेच उत्तर मीही एकेकाळी दिलेलं आहे, त्यामुळे ते किती अपुरं आहे ते मला ठाऊक आहे. सकाळी आठ ते अकरा म्हणजे डबे, शाळा, शेताला निघायची घाई. संध्याकाळी पाच ते आठ म्हणजे धारा, चूल, पोरांचा अभ्यास. जी वेळ घरातल्या बाईला कधीच मोकळी नसते, नेमकी ती निवडल्यासारखं हे वेळापत्रक आहे.

आम्ही महिला विभाग सुरू केला तेव्हा गुरुवारी संध्याकाळचा वेळ ठेवला. तीन आठवडे कुणी आलं नाही. मी मनाशी म्हणाले, आवडच नाही यांना. मग घरकामाला येणाऱ्या मावशींनी सांगितलं, ‘बाई, गुरवारी नळाला पाणी असतं.’ आमच्याकडे तेव्हा आठवड्यातून एकदा पाणी सुटायचं. त्या दिवशी घागर सोडून कोण येणार? मी त्याच गावात राहात होते, माझ्याही घरी गुरुवारीच पाणी भरलं जायचं, आणि मला ते दिसलं नव्हतं. वेळ बदलून बुधवारी आणि शनिवारी दुपारी एक ते साडेतीन केली.

तरी बायका दारापर्यंत येऊन परत जायच्या. कारण दारातच वर्तमानपत्रांचं टेबल. आठ-दहा पुरुष पाय पसरून वाचत बसलेले. कुणी वाईट वागायचं असं नाही, पण एका सुनेला त्यांतल्या सासऱ्यांच्या मित्रासमोरून डोक्यावरचा पदर सावरत आत जावं लागायचं. आम्ही ते टेबल मागच्या खोलीत नेलं, खिडकीजवळ, चांगल्या उजेडात. आजोबांची तक्रार आठवडाभर टिकली. पुढच्या खोलीत बालविभाग आणला. मुलाला घेऊन आले, असं सांगायला बायकांना निमित्त झालं.

तुम्ही आता मंडळाला ‘महिलांसाठी काहीतरी करा’ असं लिहू नका. दोन वार आणि दोन ते अडीच तास नेमके सुचवा, मंडळाने ठराव करून जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना वेळेतला बदल कळवावा असं लिहा, आणि पाचाच्या जागी पंचवीस सह्या घ्या. त्या दुपारी वाचनालय कोण उघडणार हेही पत्रातच लिहा, नाहीतर तोच मुद्दा पुढे करून पत्र फायलीत जाईल. तोवर तुमच्या बचत गटाच्या बैठकीला वाचनालयाची एक पिशवी मागवा. वीस पुस्तकं, एका सभासदाच्या जबाबदारीवर, महिनाभरासाठी.

‘आमची अभ्यासिका स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी भरलेली असते. पहाटे सहापासून रात्री अकरापर्यंत. पुस्तकं ती स्वतःचीच आणतात, आमची वापरत नाहीत. बाकीच्या वाचकांना बसायला जागा नाही. काही संचालक म्हणतात देवघेव बंद करून सगळी जागा अभ्यासिकेला द्या, फी तरी मिळते. काही म्हणतात मुलांना बाहेर काढा. काय करावं?’
– एका वाचनालयाचे कार्यवाह, अहिल्यानगर जिल्हा

दोन्ही नको. त्या मुलांना घरी एका खोलीत सहा माणसं असतात. शांत जागा, पंखा आणि दिवा ही त्यांची खरी गरज आहे आणि ती भागवणं हे वाचनालयाचंच काम आहे. पण सगळ्या वाचनालयाची अभ्यासिका झाली की बाकी गावाचं दार बंद होतं. तासांची वाटणी करा. चार ते सात या वेळात मोठं टेबल मुलाबाळांना आणि इतर वाचकांना, बाकी वेळ अभ्यासाला. मुलं कुरकुरतील, पण ऐकतात.

मुलं तुमची पुस्तकं का वापरत नाहीत ते कपाटात बघा. बहुतेक जागी पाच-सात वर्षांपूर्वीची मार्गदर्शकं उभी असतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. पर्याय निवडायच्या जुन्या सरावसंचांचा त्या मुलांना आता काय उपयोग? त्यांना लिहिण्याचा सराव हवा, आणि लिहिलेलं तपासून देणारं माणूस हवं. गावातल्या निवृत्त शिक्षकांना आठवड्यातून एक संध्याकाळ मागा. यासाठी खर्च काही नाही. मूळ संदर्भग्रंथ थोडे पण ताजे घ्या, आणि कालबाह्य झालेली मार्गदर्शकं नियमाप्रमाणे ठराव करून बाद करा.

एक विचारते, तुमच्या अभ्यासिकेत मुली किती? आमच्याकडे चाळीस खुर्च्यांत तीन होत्या. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. स्वच्छतागृह एकच होतं, त्याला कडी नव्हती, आणि वाचनालयापासून मुख्य रस्त्यापर्यंत दिवा नव्हता. कडी त्याच दिवशी बसवली. दिव्यासाठी नगर परिषदेकडे सात महिने अर्ज करावे लागले. मुलींसाठी वेगळी पुस्तकं घ्यायचा प्रश्न त्यानंतरचा.

‘आईवडिलांच्या पश्चात घरातली साडेतीनशे पुस्तकं आमच्या मूळ गावच्या वाचनालयाला द्यायची आहेत. टेम्पो करून पाठवतो. स्वीकारतील ना?’
– एक वाचक, पुणे

भाऊ, तुमची भावना मला कळते. त्या पुस्तकांवर आईवडिलांचे हात फिरलेले आहेत. म्हणूनच सांगते, टेम्पो पाठवू नका. गावची वाचनालयं संकोचाने ‘पाठवा’ म्हणतात आणि मग ती पुस्तकं माळ्यावर वाळवी खाते. आधी यादी पाठवा. ग्रंथपालांना त्यातली हवी तेवढीच निवडू द्या. तीस निवडली तरी वाईट वाटून घेऊ नका. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी तिसरं आहे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. उरलेल्या पुस्तकांचे वाचक पुण्यातच असतील. टेम्पोचं भाडं वाचेल, त्यात गावच्या मुलांसाठी नवी चित्रपुस्तकं घेऊन द्या आणि आतल्या पानावर आईवडिलांची नावं लिहा.

‘आमच्या बंजारा तांड्यावरची मुलं घरी गोरमाटी बोलतात. वाचनालयात आमच्या बोलीतलं एकही पुस्तक नाही. ग्रंथपाल म्हणतात, यादीत असेल तर मागवू.’
– तांड्यावरचा एक पदवीधर

यादीत मिळतील तेवढी मागवायला लावाच. पण तुमच्या तांड्यावरच्या आजींना येणाऱ्या गोष्टी कुठल्याही यादीत नाहीत. त्या तुम्ही फोनवर ध्वनिमुद्रित करा, देवनागरीत उतरवा, मुलांकडून चित्रं काढून घ्या. होळीच्या लेंगी गीतांची एक वही करा. पानं शिवून पुठ्ठा चढवा आणि वाचनालयात नेऊन द्या. ग्रंथपालांना माझी विनंती आहे, त्या वहीला दाखल क्रमांक द्या, शिक्का मारा आणि दर्शनी मांडणीवर ठेवा. पहिलीतल्या मुलाला घरच्या बोलीतली गोष्ट वाचनालयाच्या शिक्क्यासह हातात मिळाली की ते कसं बघतं, हे मी एकदा पाहिलं आहे. त्यानं आधी शिक्क्यावरून बोट फिरवलं, मग नाव वाचलं.

‘मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. दिवाळीच्या सुमारास माझा अर्धा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो, तो पाडव्याच्या मागेपुढे परत येतो. तोवर मुलं अक्षर विसरतात. गावात वाचनालय आहे, पण ते जागचं हलत नाही. मुलांबरोबर पुस्तकं पाठवता येतील का?’
– एक शिक्षक, बीड जिल्हा

गुरुजी, येतील. आणि पाठवलीच पाहिजेत. मुलं थांबावीत म्हणून हंगामी वसतिगृहाचे प्रयत्न तुम्ही करत असालच, ते सोडू नका. पण जी जाणारच आहेत त्यांच्याबरोबर पुस्तक गेलं पाहिजे.

हे आपण पहिल्यांदा करतोय असंही नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यात आणून ग्रंथालय खातं उभं केलं. त्या खात्याच्या लाकडी पेट्या पुस्तकांनी भरून खेड्यापाड्यांत फिरायच्या. एका गावात वाचून झाल्या की पुढच्या गावी. १९३१ साली तमिळनाडूत मन्नारगुडीला बैलगाडीतून फिरतं वाचनालय निघालं. बैलगाडी तर तुमच्या कित्येक ऊसतोड टोळ्यांकडे आहेच.

आम्ही पहिली पेटी २००९ साली पाठवली. पत्र्याची, कपड्यांची असते तसली. चाळीस पुस्तकं. मी निवडताना चूक केली होती, शालेय वयाला शोभतील अशी जाड गोष्टींची पुस्तकं भरली. कोपीवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीत, रात्री उजेड बॅटरीचा किंवा चुलीचा. मुलं दिवसभर धाकटी भावंडं सांभाळून दमलेली. त्यांना मोठ्या टाइपाची, पानाला दोन ओळी आणि चित्र असलेली पुस्तकं लागतात, जी लहान भावंडालाही दाखवता येतील. पाढ्यांची पुस्तकं लागतात. कोडी लागतात.

पेटी एप्रिलमध्ये परत आली. एकतीस पुस्तकं होती. पानांना उसाच्या रसाचे डाग, कडा काळवंडलेल्या. मी एकेक उघडत गेले तर बहुतेक पुस्तकांत वाळल्या पाचटाची पाती खुणेला घातलेली. एका पुस्तकात तर चार ठिकाणी, चौघांच्या चार खुणा. ती पाती मी काढली नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी नऊ पुस्तकं कमी असल्याचा शेरा मारला आणि ती रक्कम मी भरली. रक्कम मोठी नव्हती, पण परत आलेली पुस्तकं कुणी उघडून बघितली नाहीत याचं मला फार लागलं.

पुढच्या वर्षी शहाणे होऊन आधी ठराव केला: फिरत्या पेटीतली पुस्तकं वापरून झिजतील, काही हरवतील, हे धरून त्यांची नोंद वेगळ्या रजिस्टरला ठेवावी. तुम्हीही तुमच्या वाचनालयाला हा ठराव आधी करायला लावा, म्हणजे एकट्या ग्रंथपालावर शेकत नाही.

पेटी टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या ताब्यात देऊ नका. तो चांगला असला तरी त्याच्याकडे मागायला मुलं कचरतात. टोळीत सातवी-आठवी झालेली एखादी मुलगी असतेच, तिला ग्रंथपाल नेमा. तसं पत्र तिच्या नावानं वाचनालयाच्या लेटरहेडवर द्या. आमच्या पहिल्या मुलीनं ते पत्र घडी घालून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं होतं. कोण कुठलं पुस्तक नेतं ते लिहायला एक छोटी वही तिला द्या.

आणि कोऱ्या वह्या, पेन्सिली जास्त टाका. दुसऱ्या वर्षी टोळीतल्या बायकांनीच त्या मागून घेतल्या. उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली, फिटली किती, रोज किती टन भरले, खाडे किती पडले, हे त्यांना लिहून ठेवायचं होतं. ज्यांना आकडे येत नव्हते त्यांना ती मुलगी शिकवायची. वाचनालयाच्या खर्चात वह्या कशा दाखवायच्या असं मंडळात विचारलं गेलं. आम्ही ‘वाचक सेवा’ असं लिहिलं आणि तसंच लिहीत राहिलो.

आपल्या टोळ्या कुठल्या कारखान्याकडे जातात ते गावात विचारा. तिथल्या जवळच्या गावात वाचनालय असलं तर त्यांना एक पत्र टाका. हंगामाच्या मध्यावर कुणी पुस्तकं बदलून दिली तर तीच पेटी दुप्पट उपयोगी पडते. आम्हाला सांगली जिल्ह्यातल्या एका गावानं दोन हंगाम अशी मदत केली.

पेटीला किल्ल्या दोन करा, एक त्या मुलीकडे आणि एक तिच्या आईकडे. आणि भरण्यासाठी दिवाळीपर्यंत थांबू नका. दसऱ्यानंतर टोळी कधीही निघते, गाडी बहुतेक रात्रीच दारात लागते, भांडी-अंथरुणं-कोंबड्या चढवायच्या गडबडीत पुस्तकं कुणाला आठवत नाहीत. पेटी नवरात्रातच भरून त्या मुलीच्या घरी पोचती करा.